चारशे शहाण्णवचा नाद

बाबांना व्हिडिओ कॉलवर इंजिनाचा ब्लॉक दाखवला तर त्यांचा पहिला प्रश्न, "टेम्पोचं हाय व्हय रं?" मी जरा खट्टूच झालो. दोन महिने शोधून, तीन तास गाडी चालवून, एका शेतकऱ्याच्या शेडमधून हा ब्लॉक उचलून आणलेला, वर चारशे डॉलर मोजलेले, आणि बाबांनी कोल्हापुरात खुर्चीत बसल्या बसल्या मोबाइलच्या स्क्रीनवर ओळखलं की हे कारचं नाही. खरंच नाहीये ते. ८० च्या दशकातल्या एक टनी पिकअपमधून निघालेला ४५४ क्युबिक इंचाचा आहे, शेवरोलेचा बिग ब्लॉक, म्हणजे मोठ्या व्ही-८ इंजिनांची जात, पिढी मार्क फोर. "कसं ओळखलं?" विचारलं तर म्हणाले, "घाण बघ की कसली हाय, लोड ओढलेलं इंजिन असं दिसतंय." मग म्हणाले, अंगठ्याचं नख सिलिंडरच्या वरच्या कडेला फिरव, अडकतंय का सांग. अडकत होतं. आठच्या आठ सिलिंडरला. "मग बोअर करावं लागणार," (म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडे मोठे करावे लागणार) असं म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला आणि त्यांच्या बाजूने विषय संपला.

बाबांनी उद्यमनगरात बत्तीस वर्षं बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग केलं, जीप, ट्रॅक्टर, ट्रक, डिझेल इंजिनं, येईल ते. मी लहानपणी शाळा सुटल्यावर तिथं जाऊन बसायचो पण मशीनला हात लावायची परवानगी नव्हती, अभ्यास कर म्हणायचे, आणि मी अभ्यास केला आणि इंजिनिअर झालो आणि आता डेट्रॉइटजवळ फार्मिंग्टन हिल्सला बसून दिवसभर कॉम्प्युटरवर सीटच्या ब्रॅकेटचं अ‍ॅनालिसिस करतो. आजपर्यंत एकही इंजिन नुसत्या ब्लॉकपासून स्वतः बांधलेलं नाही. ही माझी दुखरी नस, ती सुरुवातीलाच सांगून टाकतो म्हणजे पुढचा वेडेपणा समजायला सोपा जाईल.

गाडी आहे १९७० ची शेवरोलेची शेवेल. नाव ऐकून लगेच हुरळून जाऊ नका, एसएस म्हणजे दमदार सुपर स्पोर्ट नाही, साधी मलिबू, फॅक्टरीतून ३०७ चं स्मॉल ब्लॉक, म्हणजे शेवरोलेचं लहान व्ही-८, आणि दोन गिअरचा पॉवरग्लाइड घेऊन आलेली, कागदावर २०० हॉर्सपॉवर. मधल्या कुणीतरी मालकाने त्यात ३५० घातलं, टर्बो ३५० गिअरबॉक्स घातला, आणि मी घेतली तेव्हा फ्लोअरला दोन ठिकाणी भोकं होती कारण इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ मारतात आणि ते मीठ गाड्या खातं. पण साधी मलिबू असण्याचा एक मोठा फायदा असतो, ती कापताना हात थरथरत नाहीत. ओरिजिनल एसएस ४५४ असती, इंजिन आणि गाडीचे फॅक्टरीतले नंबर जुळणारी, तर तिला बोट लावायला माझी छाती झाली नसती. शिवाय त्यातलं एलएस६ म्हणजे ४५० हॉर्सपॉवरवालं, तशी गाडी आज आपल्यासारख्याच्या आवाक्यातली नाहीच.

१९७० हे साल का महत्त्वाचं ते थोडक्यात सांगतो. त्याआधी जनरल मोटर्सचा आतला नियम होता की या मधल्या आकाराच्या गाडीत ४०० क्युबिक इंचाच्या वर इंजिन घालायचं नाही, तो १९७० ला उठला आणि लगेच ४५४ आत गेलं. पुढच्याच वर्षी कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबायची ते, खाली आणलं, मग हॉर्सपॉवर मोजायची पद्धतच बदलली. आधी ग्रॉस मोजायचे, म्हणजे इंजिन एकटं स्टँडवर, एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, काही ओढायचं नाही, मग आकडा चांगला येणारच. १९७१ ला एलएस५ नावाच्या ४५४ चा ग्रॉस आकडा ३६५ होता आणि त्याच इंजिनाचा नेट, म्हणजे गाडीत असतं ते सगळं जोडून मोजलेला, २८५. इंजिन तेच, ऐंशी घोडे कागदावरच मेले. त्यामुळे जुन्या जाहिरातीतला आकडा घेऊन "मला त्याच्या दीडपट पाहिजे" असं कुणी म्हणालं की पहिल्यांदा विचारायचं, कुठला आकडा बाबा?

मी स्वतः वहीत पहिल्या पानावर लिहिलं होतं, ६०० एचपी, ४९६. खाली दोनदा रेघ. ४९६ म्हणजे काय तर ४५४ चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४.२५ इंच असतो तो ६० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून ४.३१० करायचा आणि ४ इंचाच्या स्ट्रोकच्या, म्हणजे पिस्टनच्या वरखाली चालीच्या, जागी सव्वाचार इंचाचा क्रँक टाकायचा, गुणाकार केला की ४९६ क्युबिक इंच येतात, साधारण ८.१ लिटर. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "टाटा ६९७ला सुद्धा पावणेसहा लिटर असतंय, तू काय ऊस ओढणार हायस काय?"

आता गंमत अशी की हे पहिलं पान लिहून झाल्यावर मी लगेच कॅमशाफ्ट बघायला लागलो, कार्बोरेटर बघायला लागलो, रात्री दोन दोन वाजेपर्यंत. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, अमेरिकनच, आयुष्यभर इंजिन प्लांटमध्ये काम केलेले, गॅरेजचं शटर उघडं दिसलं की कॉफी घेऊन येतात. त्यांनी माझी वही बघितली, पानं उलटली, आणि विचारलं, मागचा एक्सल कुठला आहे? मी म्हटलं जो आहे तोच, टेन बोल्ट. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, शेवटच्या पानापासून सुरू कर.

म्हणजे टायरपासून. आणि माणूस बरोबर बोलत होता, कारण साडेपाचशे पाउंड-फूट टॉर्क इंजिनातून निघाला, टर्बो ४०० गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.४८, डिफरन्शियलचा रेशो समजा ३.३१, की एक्सलपर्यंत साडेचार हजार पाउंड-फूट पोचतात, टॉर्क कन्व्हर्टर सुटताना वर जे वाढवतो ते वेगळंच. माझ्या गाडीतलं टेन बोल्ट म्हणजे ८.२ इंचाच्या क्राउन व्हीलचं, ३०७ च्या ताकदीला बेतलेलं. चिकट टायर लावून एकदा पॅडल दाबला की दात गोळा करत फिरायचं. एसएसला ट्वेल्व्ह बोल्ट यायचा, क्राउन ८.८७५ इंची, तो जुना मिळतो पण मिळतो तेव्हा माणूस किडनी मागतो. दुसरा पर्याय फोर्डचा नाइन इंच, जो जगातला प्रत्येक ड्रॅग रेसवाला वापरतो, मजबूत, स्वस्त, पार्ट ढीगभर. पण शेवरोलेच्या पोटाखाली फोर्ड घालायचं म्हणजे शिवाजी पेठेतल्या पोरानं मंगळवार पेठेची जर्सी घालून मैदानात उतरण्यासारखं आहे. मी ट्वेल्व्ह बोल्टच घेणार, नवीन हाऊसिंगवाला, ३३ स्प्लाइनच्या एक्सलचा. तर्क विचारू नका.

रेशोचं गणित मात्र मी नीट केलं, आणि ते सगळ्यांनी करावं असं आहे कारण सोपं आहे. माझे मागचे टायर २७५/६० आर १५, साधारण २८ इंच उंच. या उंचीला टॉप गिअरमध्ये आरपीएम म्हणजे ताशी मैल गुणिले रेशो गुणिले १२, बस. इथं हायवेला ७० मैल चालतं. ४.१० टाकला तर ७० ला इंजिन ३४४० वर किंचाळणार, ३.७३ ला ३१३०, ३.३१ ला २७८०. टर्बो ४०० ला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर इंजिन हळू फिरवणारा वरचा गिअर, नाही. ४एल८०ई ला आहे, ०.७५ चा, आणि तो गिअरबॉक्स मला फार आवडतो, पण त्याला कॉम्प्युटर लागतो, गाडीच्या मधला बोगदा ठोकून मोठा करावा लागतो, आणि खिशाला जे भगदाड पडतं ते वेगळं. मोठ्या इंजिनाला खालूनच एवढा टॉर्क असतो की त्याला ४.१० ची काठी लागत नाही, छोटं इंजिन असतं तर लागली असती. म्हणून टर्बो ४०० आणि ३.३१. एसएसवाले मित्र नाक मुरडतील, मुरडू देत, पेट्रोल मी भरणार आहे.

ब्रेकचं काय, तर चारही बाजूला ड्रम आहेत. हो. दीड टनाच्या वरची गाडी, सहाशे घोडे, आणि ड्रम. पुढं डिस्क आधी बसणार, इंजिन नंतर, यावर घरात ठराव पास झालेला आहे. बाकी रेडिएटर, प्रॉपेलर शाफ्टचे मोठे क्रॉस, पुढच्या स्प्रिंगा कारण लोखंडी बिग ब्लॉक स्मॉल ब्लॉकपेक्षा शंभरेक पाउंड जड असतो, इंजिन माउंटचे वेगळे स्टँड, हेडर, हे सगळं यादीत आहे आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही, नुसते पैसे आहेत.

मध्येच कुणीतरी म्हणणार, अरे एलएस टाक ना, म्हणजे शेवरोलेचं नव्या जमान्यातलं व्ही-८. बरोबर आहे. तयार इंजिन घे ना. तेही बरोबर आहे. शेवरोले स्वतः खोक्यात भरून ५७२ क्युबिक इंचाचं इंजिन विकते, पंपाच्या पेट्रोलवर ६२० हॉर्सपॉवर, खोकं उघडा आणि बसवा. वेळेचा हिशेब केला, चुकांचा हिशेब केला, तर तेच शहाणपणाचं. मला शहाणपण नकोय. मला बेअरिंगची कॅप उघडून बेअरिंगमधली फट मोजणाऱ्या प्लास्टिगेजची चपटी झालेली पट्टी बघायचीय, रिंगचा गॅप कानसेने घासून मोजायचाय, आणि मोजलेलं वहीत लिहायचंय. बाबांच्या वर्कशॉपमध्ये एक लांबडी वही असायची, लाल कापडी बांधणीची, तेलाच्या बोटांनी कडा काळ्या झालेली, त्यात प्रत्येक इंजिनाचं एक पान. मालक, गाडी नंबर, मग सिलिंडर एक, दोन, तीन, चार, प्रत्येकाचा वर, मधे, खाली मोजलेला बोअर, आडवा आणि उभा, म्हणजे टेपर किती, ओव्हल किती. शेवटी ॲडव्हान्स आणि बाकी. त्या वहीवरूनच मी माझी वही आखलीय.

आता इंजिनाकडे. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या, पण खरी मजा इथंच आहे. कॉम्प्रेशन किती ठेवायचं हा सगळ्यात आधीचा निर्णय, कारण जुन्या एलएस६ ला ११.२५ होतं आणि त्याला त्या काळचं शिसं घातलेलं भारी पेट्रोल लागायचं, जे इथं १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांना पूर्ण बंद झालं. मला पंपावर ९३ मिळतं. भारतातल्या लोकांनी हा आकडा ऐकून फसू नये, इथं ऑक्टेन वेगळ्या पद्धतीने लिहितात, इथला ९३ म्हणजे तिकडच्या हिशोबाने ९८ च्या आसपास. त्या पेट्रोलवर अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला १० ते १०.५ सुखाने चालतं, लोखंडी हेडला त्याच्या अर्धा खाली राहावं, कारण अ‍ॅल्युमिनियम उष्णता लवकर ओढून घेतो. मग उलटं गणित. ४९६ चा एक सिलिंडर १०१६ सीसी. हेडमधला चेंबर ११९ सीसी, गॅस्केट दाबल्यावर ३९ थाऊ जाड म्हणजे साडेनऊ सीसी, पिस्टन वर आल्यावर ५ थाऊ खाली राहिला तर एक-सव्वा सीसी, आणि पिस्टनच्या डोक्यावर १८ सीसीचा उंचवटा जो चेंबरमधली जागा खातो. उरले ११२ च्या जवळ. कॉम्प्रेशन १०.१. सपाट पिस्टन घेतला असता तर पावणेनऊच्या जवळपास घसरलं असतं, हे मला आधी माहीतच नव्हतं, बिग ब्लॉकचा चेंबर मोठा असतो हो, स्मॉल ब्लॉकची सवय झालेला माणूस तिथं फसतो.

हवेचं गणित त्याहून सोपं. क्युबिक इंच गुणिले आरपीएम भागिले ३४५६. ४९६ ला सहा हजारावर ८६० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा), म्हणजे ८५० चा कार्बोरेटर चालून जातो, ११५० चा राक्षस लागत नाही. सहा हजारच का, तर सव्वाचार इंचाचा स्ट्रोक सहा हजाराला पिस्टनला सरासरी मिनिटाला ४२५० फूट पळवतो आणि त्याच्या वर नेलं की प्रत्येक शंभर आरपीएमची किंमत रॉड आणि बोल्ट मोजतात. त्यामुळे क्रँक फोर्ज्ड, पिस्टन फोर्ज्ड, रॉड एच बीम ६.३८५ इंची. एक खोडा असा की ओरिजिनल ४५४ चं बॅलन्सिंग बाहेरून असतं, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकाच्या डॅम्परवर आणि मागच्या टोकाच्या फ्लेक्सप्लेटवर मुद्दाम वजन ठेवलेलं असतं, आणि मी घेणार तो क्रँक आतून बॅलन्स होणारा. मागच्या महिन्यात जुन्या बाजारात ४५४ चा डॅम्पर साठ डॉलरला दिसला आणि मी पाकीट काढलंसुद्धा होतं, आजोबांनी हात धरला. तो बसवला असता तर इंजिन आयुष्यभर पिठाच्या गिरणीसारखं हललं असतं, अर्थात आयुष्य फार नसतंच.

कॅमबद्दल माझं मत ठाम आहे कारण ते मी पैसे देऊन विकत घेतलेलं आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी त्या ३५० मध्ये मी फ्लॅट टॅपेटचा नवा कॅम घातला, म्हणजे ज्यात कॅमचे उंचवटे (लोब) सपाट बुडाच्या टॅपेटवर घासत व्हॉल्व्ह उघडतात. या कॅमला नियम असा की इंजिन पहिल्यांदा चालू झालं की आयडलला सोडायचं नाही, लगेच दोन हजाराच्या वर न्यायचं आणि वीस-तीस मिनिटं तिथंच, वर खाली करत ठेवायचं, म्हणजे लोब आणि टॅपेट एकमेकांना घासून बसतात. आणि ऑइलमध्ये झिंक पाहिजे, आजकालच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. मी काय केलं? कार्बोरेटर कोरडा, टायमिंग अंदाजे, सेल्फ मार मार मारला, चालू झालं, बंद पडलं, परत चालू, मग टायमिंग लाइट घेऊन आयडलवर ठेवून वाकून बघत बसलो. आणि ऑइल? गॅरेजच्या फळीवर होतं ते. पंधराव्या मिनिटाला टकटक सुरू. कव्हर काढलं तर एक रॉकर जेमतेम हलत होता, बाकीचे नाचतायत आणि हा बसलाय. कॅम काढला तेव्हा त्या लोबचं टोक गायब, गोल गरगरीत, आणि तो सगळा लोखंडाचा चुरा ऑइलमधून बेअरिंगात. फिल्टर कापून उघडला तर घडीघडीत चांदीची पावडर लावल्यासारखं चमकत होतं, दिसायला इतकं सुंदर की मी फोटो काढला. परत सगळं उतरवा, धुवा, बेअरिंग टाका. तेव्हा यावेळी हायड्रॉलिक रोलर, म्हणजे टॅपेटला घासण्याऐवजी फिरणारं चाक. महाग आहे, असू दे. ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश उघडे राहतात ते, ५० थाऊला २३६ आणि २४६ च्या आसपास, म्हणजे आयडलला धडधडेल पण ब्रेक बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम राहील, कन्व्हर्टर २८०० स्टॉलचा.

पेट्रोलची लाईन हा असा विषय आहे की सगळे शेवटी विसरतात. एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण अर्धा पाउंड पेट्रोल. सहाशेला तीनशे पाउंड, म्हणजे ४९ गॅलन, म्हणजे १८५ लिटर तासाला, फुल थ्रॉटलवर. अर्थात फुल थ्रॉटल बारा सेकंदाच्या वर कोण ठेवतो, पण त्या बारा सेकंदात पंप आणि पाइप त्या दराने द्यायलाच पाहिजे, नाहीतर मिक्स्चर पातळ होतं आणि पिस्टन वितळतो. जुन्या बारीक लाइनीतून ते जमणार नाही, टाकीपासून अर्धा इंची नवीन. बाबांना १८५ लिटर सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग, "एवढ्यात एस्टी मुंबईला जाऊन परत येईल की रं."

बायकोने या सगळ्याचं स्प्रेडशीट केलंय. ती अकाउंट्सवाली आहे, माझ्या वहीवर तिचा विश्वास नाही. तिने माझ्या प्रत्येक आकड्यापुढे एक कॉलम घातला, "आणि अजून काहीतरी", आणि त्यात सरसकट ३० टक्के. मी भांडलो. मग मागच्या दोन वर्षांची बिलं काढून बघितली आणि भांडण मागे घेतलं.

तर आता मुख्य गोष्ट. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये फोर्ज्ड पिस्टनवर चांगली सूट होती आणि मी ऑर्डर करून टाकले. ४.३१० चे. आठ पिस्टन, रिंगांसकट. ब्लॉक तेव्हा अजून धुतलासुद्धा नव्हता. आजोबांना सांगितलं तर त्यांनी काही न बोलता कॉफी संपवली, ते मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

जानेवारीत ब्लॉक मशीन शॉपला नेला. धुऊन, क्रॅक चेक करून, मग त्यांनी सॉनिक टेस्ट केली, म्हणजे सोनोग्राफीच समजा, सिलिंडरच्या भिंतीवर प्रोब ठेवून पलीकडच्या पाण्याच्या जागेपर्यंत भिंत किती जाड आहे ते मोजतात. सात सिलिंडर उत्तम, २४० थाऊच्या वर सगळीकडे. सातव्या नंबरचा, ड्रायव्हर साइडचा सगळ्यात मागचा, थ्रस्टच्या बाजूला म्हणजे पेटल्यावर पिस्टन ज्या भिंतीवर रेलतो तिथं २०५. ६० थाऊ बोअर केला की प्रत्येक बाजूने ३० जातात, उरतात १७५. शॉपवाला म्हणाला सहाशे हॉर्सपॉवरच्या इंजिनाला त्या बाजूला १८० च्या खाली मी बांधत नाही, तुझा ब्लॉक आहे, तू ठरव. पर्याय दोन, त्या एकाच सिलिंडरला लायनर, म्हणजे आतून नवी लोखंडी नळी, मारायचा, किंवा सगळे फक्त ३० थाऊ बोअर करायचे.

रात्री कोल्हापूरला फोन लावला, तिकडे सकाळ. बाबांना आकडे वाचून दाखवले आणि ते ऐकता ऐकताच म्हणाले, "कोर सरकलाय." ब्लॉक ओतताना आतली पाण्याची जागा ठेवायला वाळूचा कोर बसवतात तो जरा एका बाजूला सरकला की एकीकडची भिंत जाड, दुसरीकडची पातळ. कोल्हापूरच्या फाउंड्रीतल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, बिग ब्लॉक न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाच्या प्लांटमधून यायचे पण वाळू सगळीकडे सारखीच वागते.

मी म्हटलं, बाबा, सातव्याला लायनर मारून बाकीचे साठ करू का, पिस्टन आलेत.

"पिस्टन कशाला आधी घेतलंस?"

"सेल होता."

यावर त्यांनी आईला हाक मारून सांगितलं की ह्याने पिस्टन आधी घेतले, आणि मागून आईचा आवाज, "मग काय झालं, घेऊ दे की," कारण आईला वाटलं काहीतरी खायची वस्तू आहे.

मग बाबा बराच वेळ बोलले, जे ते सहसा करत नाहीत. म्हणाले, आमच्याकडे गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं एकदमच मोठा बोअर करून टाका, पिकप वाढेल, आणि मी कधी करून दिला नाही. पहिल्या बोअरला जेवढं झिजलंय तेवढं साफ व्हायला लागतंय तेवढंच घ्यायचं. भिंत एकदा कापली की कापली, ती परत चिकटवता येत नाही. "तीस घे. साठ पुढच्या बोअरला ऱ्हाऊ दे. तू काय एकदाच बांधणार हायस व्हय?" लायनरबद्दल म्हणाले, ट्रकला मारतोच आम्ही, त्यात वाईट काही नाही, पण सात भिंती एकाच ओतीच्या आणि एक वेगळी, हे नवीन इंजिनाला कशाला, ते जुन्याला वाचवायला असतंय.

तीस थाऊ म्हणजे बोअर ४.२८०. गणित परत केलं, ४८९ क्युबिक इंच. सात क्युबिक इंच गेले. कॉम्प्रेशन १०.१ वरून जेमतेम दहावर, हवा ८६० च्या जागी ८५०, म्हणजे प्रत्यक्षात काहीही फरक नाही, एकाच माणसाला फरक पडतो, ज्याने पहिल्या पानावर ४९६ लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. पिस्टन परत जातील, वीस टक्के कापून. बायकोने स्प्रेडशीट उघडून "आणि अजून काहीतरी" मध्ये ती रक्कम घातली, चेहऱ्यावर काहीही न दाखवता. तिला हे जमतं.

दुसऱ्या दिवशी बाबांचा स्वतःहून फोन. कॅमेरा टेबलावर आडवा, अर्धी स्क्रीन पंख्याची आणि अर्ध्यात ती लाल वही. मला वाटलं होतं वर्कशॉप विकलं तेव्हा रद्दीत गेली असेल. म्हणाले, शेवटची चार पानं कोरी आहेत, सांग आकडे, सावकाश, एक नंबरपासून, आधी वरचा. मी शॉपचा कागद समोर घेऊन वाचत गेलो आणि ते चष्मा वर सरकवत लिहीत गेले, आठ सिलिंडर एका पानात मावेनात म्हणून पाचव्यापासून समासात. गाडी नंबर विचारला. मी म्हटलं, ब्लॉक अजून गाडीत नाहीये, गाडीला अजून ब्रेक नाहीयेत. त्यांनी तिथं रेघ मारली. मी विचारलं, ॲडव्हान्समध्ये काय लिहिलं?

"बाकी," म्हणाले.